इंग्रजी बोलणाऱ्याला मराठी शिकवताय? आधी त्याला काय ‘एक्झॉटिक’ वाटतंय ते ओळखा

घरी अमेरिकन सून आलीय, किंवा ऑफिसातला ब्रिटिश कलीग हौसेने मराठी शिकायला बसलाय, किंवा न्यू जर्सीला वाढलेल्या भाच्याला आता मोठेपणी आजीशी मराठीत बोलायचंय, आणि सगळे तुमच्याकडे बघतायत कारण तुम्हाला मराठी ‘येते’. अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी बऱ्याच वर्षांपासून इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकवतेय आणि माझं ठाम मत झालंय की आपली भाषा त्यांना नेमकी कुठे विचित्र लागते हे शिकवणाऱ्याला आधीच माहीत असेल तर निम्मं काम तिथेच होतं. आपण ज्याला अवघड समजतो, म्हणजे लिपी, जोडाक्षरं, मोठेमोठे संस्कृत शब्द, तिथे ते फारसे अडतच नाहीत. ते अडतात ‘दार’ आणि ‘धार’मध्ये, ‘मला आवडतं’मध्ये, ‘आपण’ आणि ‘आम्ही’मध्ये, आणि ह्या गोष्टी आपल्याला दिसतसुद्धा नाहीत कारण त्या आपल्याला कुणी शिकवल्याच नव्हत्या, त्या आपोआप आल्या.

तर पहिलं काम हे. मराठीतली कुठलीही गोष्ट समोर ठेवायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही इंग्रजीत नाही म्हणून त्याला वेगळी वाटणार आहे का? ही जगातच दुर्मीळ आहे का? आणि ही शिकायला खरंच अवघड आहे का? तिन्हीची उत्तरं बऱ्याचदा वेगवेगळी येतात आणि सगळा घोळ ती एकत्र केल्यामुळे होतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आहे, तिथे डिप्लोमॅट लोकांना भाषा शिकवतात, त्यांचा अंदाज असा की इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश-इटालियनला ६०० ते ७५० तास लागतात, हिंदी, रशियन, ग्रीक ह्यांना ११०० च्या आसपास, आणि जपानी, अरबी, चिनी, कोरियनला २२००. आता ह्यात स्वाहिली आणि इंडोनेशियन कुठे बसतात बघा. ऐकायला किती लांबच्या वाटतात, पण त्यांना ९०० च्या आसपास तास धरलेत, म्हणजे युरोपातल्या रशियन आणि ग्रीकपेक्षा कमी! लांबची वाटणं वेगळं आणि अवघड असणं वेगळं. मराठीला हिंदीएवढाच वेळ धरून चाला, शिकणाऱ्यालाही तेच सांगा, उगाच ‘आमची भाषा फार अवघड बरं का’ म्हणून त्याला पहिल्या दिवशी घाबरवू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक फार छान गोष्ट नेटवर फुकट आहे, ‘वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’. लाइपझिगच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटशी जोडलेल्या भाषाशास्त्रज्ञांनी तो २००५ मध्ये पुस्तकरूपात आणला, नंतर ऑनलाइन टाकला, आणि त्यात शेकडो भाषांचे नकाशे आहेत, कुठल्या भाषेत काय आहे आणि काय नाही. मी खाली जे आकडे देतेय ते तिथलेच. विद्यार्थ्याने ‘हे असलं विचित्र कशाला?’ असं तोंड केलं की हे आकडे फार कामाला येतात, कारण पुष्कळ वेळा विचित्र इंग्रजीच निघते आणि ते कळलं की माणूस एकदम मोकळा होतो.

लिपीचं भूत मात्र आधीच उतरवून टाका. डोळ्यांना सगळ्यात जास्त एक्झॉटिक वाटते ती देवनागरीच, ती वरची रेघ. परदेशातल्या योगा स्टुडिओच्या आणि इंडियन रेस्टॉरंटच्या पाट्या बघा, रोमन अक्षरांच्याच डोक्यावर रेघ मारून ‘इंडियन लूक’ आणलेला असतो. पण शिकायला ही लिपी सोपी आहे, रोज थोडं थोडं बसलं तर काही आठवड्यांत माणूस दुकानाच्या पाट्या वाचायला लागतो, कारण जे लिहिलंय तेच बहुतेक वाचायचंय, इंग्रजी स्पेलिंगसारखे खेळ नाहीत. अडतात त्या तीनच जागा. एक, पहिली वेलांटी, जी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर म्हणायची. दोन, ‘र’ची रूपं, कर्म, क्रम, ट्रक, दुसऱ्या, ही चारही एकाच दिवशी शेजारी शेजारी लिहून दाखवा. तीन, न बोलला जाणारा ‘अ’. आपण लिहितो ‘करतो’ आणि म्हणतो ‘कर्तो’, हे आपल्याला माहीतच नसतं, आणि बिचारा शिकणारा ‘क-र-तो’ म्हणत बसतो. बाकी लिपीवर जास्त वेळ घालवू नका. आणि अक्षरं यायची वाट बघत बोलणं थांबवू नका, दोन्ही बरोबर चालू द्या.

आता आवाज. इथे मात्र भरपूर वेळ द्या, कारण इथे कान तयार नसतो, आणि कान नाही तर जीभ वळणार कशी.

सुरुवात प-फ, क-ख, त-थ पासून करा. त्यांना वाटतं आपल्याला ‘प’ येतो. पण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ फुंकर सोडतच बाहेर पडतो, म्हणजे इंग्रज माणूस ‘पेन’ म्हणतो तेव्हा ओठांसमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलते. आपल्या ‘पेन’ला ती हलत नाही. पण गंमत बघा, तोच माणूस ‘स्पेन’ म्हणतो तेव्हा पट्टी हलत नाही! म्हणजे आपला ‘प’ त्याच्या तोंडात आहेच, फक्त ‘स’च्या मागे लपलाय. मग त्याला ‘स्पेन, स्पेन’ म्हणायला लावायचं, हळूहळू ‘स’ मनातल्या मनात म्हणायला सांगायचं, आणि उरतो तो आपला शुद्ध ‘प’. ‘स्काय’मधून तसाच ‘क’ काढायचा. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग पळ-फळ, कार-खार, ताट-थाट अशा जोड्या घ्या, तुम्ही म्हणा आणि त्यांना नुसतं ओळखायला सांगा, बोलायची घाई नको.

घ, ध, भ त्यांना जास्त परके वाटतात कारण इंग्रजीत ते अक्षर म्हणून नाहीतच. पण इंग्रजीतले जोडशब्द मदतीला येतात. ‘क्लबहाउस’ पटकन म्हणायला लावा, मधे ‘भ’ सापडतो. ‘डॉगहाउस’मध्ये ‘घ’. आणि मराठीतले म्ह, न्ह, ल्ह, जे भल्याभल्यांना जमत नाहीत, तेसुद्धा असेच मिळतात, ‘फार्महाउस’मध्ये म्हैशीचा ‘म्ह’, ‘टाउनहॉल’मध्ये उन्हाळ्याचा ‘न्ह’, ‘फुल हाउस’मध्ये कोल्ह्याचा ‘ल्ह’. दोन्ही शब्दांच्या मधे थांबायचं नाही, एका श्वासात म्हणायचं, एवढंच. डबल अक्षरांनाही हीच युक्ती, ‘बुककेस’मधले दोन ‘क’ म्हणजे ‘पक्का’, ‘पेननाइफ’मधले दोन ‘न’ म्हणजे ‘अन्न’.

त आणि ट. इंग्रजीतला त्यांचा आवाज ह्या दोघांच्या मधोमध पडतो, जीभ दातांना लागत नाही आणि मागेही वळत नाही, दातांच्या वरच्या हिरडीवर टेकते. आपल्या कानाला तो ‘ट’च्या जवळचा वाटतो, म्हणून तर आपण डॉक्टर, टेबल, तिकिटातलं ‘ट’ असं सगळं ट-ड ने घेतलं. ‘त’साठी त्यांना सांगा, ‘थिंक’ म्हणायला जीभ ठेवता तशी दातांना लावा आणि हवा गळू न देता झटक्यात सोडा. ‘द’साठी ‘दिस-दॅट’वाली जीभ. आता तो ‘थिंक’मधला आवाज, ज्यात हवा दातांतून गळत राहते, तो आपल्याकडे नाही, आणि जगातही फार कुणाकडे नाही, ॲटलसमधल्या ५६७ भाषांपैकी फक्त ४३ भाषांत तो प्रकार आहे. विद्यार्थ्याला हे नक्की सांगा. मराठी माणूस ‘थँक यू’ म्हणताना आपला ‘थ’ वापरतो ते का, हेही त्याला तिथेच कळतं.

ट-ड-ण-ळ साठी जीभ मागे वळवायची असते, आणि अमेरिकन विद्यार्थी असेल तर बघा, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची ‘कार’मधला शेवटचा ‘र’ म्हणताना जीभ आपोआप मागे वळलेली असते. तिथेच थांबवा आणि जिभेचं टोक टाळूला लावायला सांगा, ‘ड’ मिळाला. तिथूनच बाजूने हवा जाऊ दिली की ‘ळ’. गाल-गाळ, वेल-वेळ, मूल-मूळ ह्या जोड्या भरपूर करून घ्या.

इथे एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतेच. ‘स्टार ट्रेक’मधली परग्रहावरची क्लिंगॉन भाषा मार्क ओक्रँड ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने बनवली, १९८४ च्या सिनेमासाठी. इंग्रजी कानांना ती पृथ्वीवरची वाटू नये हे त्याचं काम होतं. त्याने काय केलं, तर ‘ट’ इंग्रजीसारखाच ठेवला पण ‘ड’ मात्र जीभ मागे वळवून, म्हणजे थेट आपल्या डाळीतला ‘ड’, आणि वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा क्रम लावला, जो ॲटलसमधल्या १३७७ भाषांपैकी फक्त ११ भाषांत मुख्य क्रम आहे. आता ह्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत बघा. वाक्याचा तो क्रम खरंच जगात दुर्मीळ आहे. पण ‘ड’? तो भारतात कोट्यवधी लोक दिवसभर बोलतात, तो फक्त इंग्रजीतून बघितलं तर परग्रहावरचा. शिकवणाऱ्याने हा फरक कायम डोक्यात ठेवायचा.

च आणि ज च्या दोन दोन आवाजांबद्दल पुस्तकात एक ओळ असते आणि प्रत्यक्षात हेच वर्षभर पुरतं. ‘चार’ मधला (तालव्य) वेगळा आणि ‘चारा’ मधला (दंत्य) वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया वेगळं आणि ‘जग आणि जगू दे’ मधलं ‘जग’ वेगळं, लिहायला मात्र एकच. इंग्रजी माणसाला दंत्य ‘च’ शब्दाच्या सुरुवातीला अवघड जातो, पण शेवटी आणि मधे येतो, ‘कॅट्स’ म्हणताना येतो, आणि ‘पिझ्झा’ ते ‘पीत्सा’ म्हणतात तेव्हा मधोमध येतो. तसाच ‘किड्स’च्या शेवटी ‘मजा’मधला ‘ज’. तिथून उचलायचा. आणि नियमाचा भाग आधी शिकवा, कारण तो पक्का आहे, पुढे इ किंवा ए आला की आवाज तालव्य होतो, माझा पण माझी, चमचा पण चमचे. हे चमचा-चमचे त्यांना दहा वेळा म्हणायला लावा, एका शब्दात सगळा धडा आहे. बाकीचे शब्द कानानेच येतील.

आता वाक्य. क्रियापद शेवटी येणं त्यांना फार उलटं वाटतं, ‘मी उद्या सकाळच्या बसने नाशिकला जाणार’ इथपर्यंत ऐकायचं आणि मग कळायचं की ‘नाही’. पण आकडे काय म्हणतात, त्याच १३७७ भाषांत आपला क्रम साडेपाचशेच्या वर भाषांत आहे आणि इंग्रजीचा ४८८. म्हणजे आपणच जास्त! ‘घरात’, ‘टेबलावर’ हे शब्दाच्या मागे लागणं, तेही जगात इंग्रजीसारखं पुढे लावण्यापेक्षा जास्तच ठिकाणी आहे. आणि प्रश्न विचारायची पद्धत तर बघाच. आपण काय करतो, सरळ वाक्य बोलतो आणि शेवटी ‘का’ लावतो, तू येतोस, तू येतोस का? असा एखादा छोटा शब्द लावून प्रश्न करणाऱ्या भाषा ९५५ पैकी ५८५ आहेत. इंग्रजीसारखी कर्ता-क्रियापदाची उलटापालट करून विचारणाऱ्या फक्त १३, आणि त्यात इंग्रजीला मधे तो ‘डू’ घुसवायला लागतो ज्याला तिथे स्वतःचा काही अर्थच नाही. म्हणून ‘का’ पहिल्याच आठवड्यात शिकवा, त्यांना एकदम हलकं वाटतं.

खरं अवघड काय असेल तर सामान्यरूप, म्हणजे ‘-ला’, ‘-त’ असं काही जोडताना नामाचं बदलणारं रूप. पाणी पण पाण्यात, भाऊ पण भावाला, जीभ पण जिभेवर, शाळा पण शाळेत, आणि मग बिचारा डिक्शनरीत ‘पाण्यात’ शोधतो आणि सापडत नाही. तक्ता देऊ नका. त्यांना त्यांचीच भाषा दाखवा, इंग्रजीत ‘ही’चं ‘हिम’ आणि ‘शी’चं ‘हर’ होतंच की, आपण तेच सगळ्या नामांना करतो. मग एकेक शब्द दोन रूपांतच पाठ करायला सांगा, नुसतं ‘पाणी’ नाही, ‘पाणी-पाण्यात’, नुसतं ‘मुलगा’ नाही, ‘मुलगा-मुलग्याला’. सुरुवातीपासून ही सवय लागली तर पुढे फार सोपं जातं, नाही लागली तर मात्र सहा महिन्यांनी सगळं परत उकरावं लागतं.

‘मला’वाली वाक्यं त्यांना सगळ्यात सुंदर वाटतात, मी बघितलंय. मला भूक लागली, मला राग आला, मला वाटतं, मला मराठी येतं, मला दोन भाऊ आहेत. इंग्रजीत माणूस सगळं स्वतः करतो, इथे गोष्टी माणसाकडे येतात, असं ते भारावून म्हणतात आणि मग त्यावरून भारतीय मनाबद्दल मोठमोठे सिद्धांत मांडायला लागतात. तिथे प्रेमाने थांबवा. स्पॅनिशमध्ये ‘आवडतं’ असंच आहे, ‘मे गुस्ता’, अमेरिकनांनी ते शाळेत केलेलं असतं. आणि जुन्या इंग्रजीतही होतं, ‘मीथिंक्स’ म्हणजे अगदी शब्दशः आपलं ‘मला वाटतं’. म्हणजे वाक्यरचना आहे, तत्त्वज्ञान नाही. शिकवताना ‘मला’ची वाक्यं आख्खीच्या आख्खी पाठ करून घ्या, आधी मला, तुला, त्याला, तिला एवढ्यावर, आणि ‘मी भूक आहे’ म्हणाला तर व्याकरण सांगत बसू नका, नुसतं ‘तुला भूक लागली?’ असं परत विचारा.

भूतकाळात त्यांची दांडी उडते. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं, म्हणजे खाणारा तोच पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं, आणि वर ‘मी’ला काही लागत नाही पण त्याला ‘त्याने’ आणि तिला ‘तिने’. हे जगात एकट्या आपल्याकडे नाही, हिंदीत आहे, आणि बास्क, जॉर्जियन, तिबेटी ह्या भाषांतही क्रिया करणाऱ्याला वेगळी खूण लागते. शिकवायची युक्ती अशी की जेवणाच्या टेबलावर करा. ताटातलं काय काय संपलं ते सांगायला लावा, भात खाल्ला, भाजी खाल्ली, वरण खाल्लं, पापड खाल्ले. डोळ्यासमोर वस्तू असली की लिंग आणि वचन आपोआप चिकटतं. आणि अपवाद वेगळे ठेवा, मी बोललो, मी विसरलो, मी शिकलो, मी जिंकलो, आणि हो, खाल्ल्यासारखं दिसूनही ‘मी चहा प्यायलो’. हे पाच एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावा, बास.

आपण आणि आम्ही. ह्याच्यावर एक आख्खी संध्याकाळ घाला. समोरच्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हीला ‘वी’च. ॲटलसमधल्या २०० भाषांपैकी ६३ भाषांत हा फरक आहे, तमिळ-तेलुगूत आहे, शेजारी गुजरातीत आहे, म्हणजे जगात रोजचंही नाही आणि दुर्मीळही नाही. पण चुकलं तर घरात गोंधळ होतो. नवा जावई सगळ्यांसमोर ‘उद्या आपण महाबळेश्वरला जातोय’ म्हणाला, म्हणायचं होतं बायकोबरोबर, तर मावशी लगेच किती वाजता निघायचं विचारणार आणि थेपले करायला घेणार. उलट ‘आम्ही जेवतोय’ म्हणून पाहुण्याला समोर बसवून ठेवलं तर त्याहून वाईट. असे प्रसंग रचून नाटकासारखं करून घ्या, हे नियम सांगून येत नाही.

लिंगांबद्दल थोडक्यात. तीन लिंगं ऐकून ते घाबरतात, पण तो दरवाजा, ती खिडकी, ते दार हे दाखवा, दरवाजा आणि दार एकच वस्तू, म्हणजे लिंग वस्तूला नाही, शब्दाला आहे. आणि सुरुवात मराठी शब्दांपासून करूच नका! इंग्रजी शब्दांपासून करा जे त्यांना येतातच, तो फोन, ती बस, ते ऑफिस, ती बॅग, ते हॉटेल, ते तिकीट. शब्द पाठ करायचं ओझं नाही, सगळं लक्ष लिंगावर, आणि पहिल्याच आठवड्यात ‘माझा फोन, माझी बॅग, माझं तिकीट’ असं खरंखुरं उपयोगाचं मराठी तोंडात येतं. माझ्याकडे ह्याच्याइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही.

तू-तुम्हीचं शिकवताना कोणाला काय म्हणायचं ह्याची घरातली यादीच करा, कारण हे घराघरात वेगळं आहे. आई ‘अगं’, बाबा काही घरांत ‘अहो’ आणि काही घरांत ‘अरे’, सासू-सासरे ‘अहो’, नणंद मोठी असेल तर ताई म्हणून. एका मोठ्या माणसाबद्दल ‘ते आलेत’ असं अनेकवचन वापरायचं हेही सांगा, नाहीतर ‘ते कोण कोण?’ असा प्रश्न येतो. काका, मामा, आत्या, मावशी, जाऊ, दीर, साडू हे सगळं त्यांना फार एक्झॉटिक वाटतं पण शिकायला अवघड अजिबात नाही, लग्नाचा एक ग्रुप फोटो घ्या आणि बोट ठेवत जा.

आणि ज्या गोष्टी लवकर आनंद देतात त्या उशिरापर्यंत राखून ठेवू नका. ‘नको’ पहिल्या दिवशी द्या, एका शब्दात काम होतं आणि इंग्रजीत त्याला तोडच नाही. ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’ हेही लवकर द्या, अमेरिकन लोक ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ म्हणतातच, त्यामुळे शब्द फिरवून परत म्हणायची कल्पना त्यांना नवी नाही, फक्त त्यांचं बहुतेक वेळा हिणवायला असतं आणि आपलं ‘चहा वगैरे’ ह्या अर्थाने साधंही असतं. कडकडाट, लुकलुक, झुळझुळ असले शब्द तर ते वहीत लिहूनच घेतात.

कुठली मराठी शिकवायची हे मात्र त्याच्या माणसांवरून ठरवा. सासर नागपूरचं असेल आणि तुम्ही फक्त ‘तू काय करतोयस’ शिकवलंत तर ‘काय करून राहिला’ ऐकून तो बावरणार. कोल्हापूरकडे बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तिथे दिलेल्या सुनेला ‘येते-जाते’बरोबर तेही सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल सासूबाई चुकतायत. प्रमाण मराठी शिकवाच, पण ज्या घरात बसून बोलायचंय त्या घरची भाषा आधी.

घरच्यांनाही थोडं शिकवावं लागतं. त्याने धडपडत ‘मला पाणी पाहिजे’ म्हटलं की अख्खं घर ‘अय्या, किती गोड बोलतो’ म्हणून टाळ्या वाजवतं आणि पाणी कुणीच देत नाही, आणि मग सगळे इंग्रजीत सुरू होतात. हे थांबवा. पाणी द्या आणि ‘थंड की साधं?’ असं मराठीत विचारा. इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला मराठी जमेल का अशी शंका असेल तर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, आजही लोक तो उघडतात. आणि आपल्या काळात मॅक्सीन बर्नसन ह्या मूळच्या अमेरिकन बाई फलटणला राहिल्या, तिथे शाळा उभी केली आणि जाई निंबकरांबरोबर इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी मराठी शिकायची पुस्तकं तयार केली, ती मिळाली तर जरूर घ्या, वाक्यं साधी आणि खऱ्या बोलण्यातली आहेत.

आकडे सगळ्यात शेवटी ठेवा. इथे मी मराठीची बाजू घेणार नाही, एक ते शंभर खरंच अवघड आहेत, इंग्रजीत वीसनंतर सगळं ओळीने येतं आणि आपल्याकडे पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न प्रत्येक वेगळा. एकोणीस, एकोणतीस ह्यात ‘एक कमी’ आहे एवढं सांगितलं तर थोडा आधार मिळतो, रोमन आकड्यांत १९ आणि २९ च्या शेवटचा ९ ‘दहाला एक कमी’ असाच लिहितात, हे त्यांना घड्याळामुळे माहीत असतं. एक ते वीस, मग दहाचे टप्पे, आणि लगेच पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, कारण वेळ आणि बाजार ह्यांच्यावरच चालतो. मधले आकडे लागतील तसे भरत जा. आणि हे वहीत करू नका, त्याला पिशवी आणि सुटे पैसे देऊन मंडईत पाठवा, पाऊण किलो भेंडी, दीड किलो कांदे, अर्धा डझन लिंबं, आणि घरी आल्यावर पिशवी उघडून जे चुकीचं आलंय तिथून पुढचा धडा सुरू करा.